चटई कोणी उचलायची?

गोऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायचं, हे आमच्या गावाला फुआतिनोनं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, प्रयत्न केला. आमच्या सवाई बेटावर मोठ्यांसमोर बसून, मान खाली घालून बोलतात. उभा राहून डोळे रोखणारा एक तर प्यालेला असतो, नाही तर भांडायला आलेला. पण फुआताई राजधानीतल्या सरकारी शिबिराला जाऊन आली होती आणि एकदा कोकोच्या बियांची पिशवी घेऊन थेट हाम्बुर्गलाही. परतली ती तिकडच्या माणसांच्या तऱ्हा शिकूनच.

चर्चच्या मागच्या उघड्या सभाघरात ती बायकांना गोळा करायची. मी गावची पिकअप चालवतो, सवारी नसली की खांबाला टेकून ऐकत बसायचो.

"हाम्बुर्गला मी ऐन जेवणाच्या वेळी त्यांच्या कचेरीत गेले," ती सांगायची. "दुपारभर बसले. त्यांनी मला नुसतं पाणी दिलं. मला रडूच आलं. मागून कळलं, तो अपमान नव्हता. त्यांच्याकडे जेवण वेगळं आणि काम वेगळं."

"मयताला तरी जेवू घालतात का गं?" म्हातारी सालोमे विचारायची, आणि सगळ्या हसून लोळायच्या.

सगळ्यांत कठीण धडा 'नाही' म्हणायचा. जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणा, त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं, असं ती घोकून घ्यायची. मग स्वतःच गोरा व्यापारी व्हायची. "सालोमे, उद्या दहा पोती देशील?"

"देईन की. आधी दोन घास खाऊन घ्या."

"अगं, नाही म्हण!"

"पाहुण्याला? माझी आई थडग्यातून उठून येईल."

शेवटी फुआताईच छाती पुढं काढून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, "नाही" म्हणून दाखवायची. गावात तेवढी तिलाच जमायची ती गोष्ट. निदान आम्हांला तसं वाटायचं.

तिचा नवरा फार पूर्वी ऑकलंडला गेला तो तिकडचाच झाला. ती भावाकडे राहायची. भाऊ तुइलोमा, घराण्याचा प्रमुख, बोलायला भारदस्त आणि कामाला तितकाच जड. वादळानं कोकोची झाडं आडवी केली तेव्हा हिनं बायका घेऊन पुन्हा लावली. आम्ही कोको घरी भाजून प्यायचो, उरला तर बंदरावरचा दलाल देईल त्या भावाला विकायचो. हिनं राइनर ब्रोकमान नावाचा हाम्बुर्गचा व्यापारी मिळवला. त्याच्या करारावर बिया वाळवायची शेड उभी राहिली, बायकांच्या हातात स्वतःची कमाई आली. हा करार म्हणजे फुआताईचं मूलच होतं. दुसरं तिला नव्हतं.

ब्रोकमान पहिल्यांदा गावात आला तेव्हा तुइलोमानं डुक्कर भाजलं. पाठीचा मानाचा तुकडा पाहुण्याच्या पानात पडला. तो बिचारा मांडी घालता येत नाही म्हणून पाय कुठं लपवावेत या विवंचनेत होता. जेवता जेवता त्यानं सरळ विचारलं, "जूनपर्यंत दुप्पट माल जमेल का? जमणार नसेल तर तसं सांगा. मी जास्तीचा दुसरीकडून घेईन."

इतका सोपा प्रश्न. तिनं शिकवलेलाच. मी टारोचे उकडलेले कंद वाढत होतो, माझा हात थांबला. फुआताईनं पाहुण्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग चटईकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "देवाच्या कृपेनं."

त्याला बोटीवर सोडून येताना मी विचारलं, "ताई, दुप्पट कुठून आणणार?"

"वालेले, तो आपल्या चटईवर बसला होता. त्याच्या तोंडात आपला घास होता."

"भीड ही भिकेची बहीण, ताई."

"तू गाडी चालव."

पुढं पाऊस हटेना. शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. ब्रोकमान ईमेल करायचा, काम कसं चाललंय? ती शाळेच्या कॉम्प्युटरवरून उत्तर द्यायची, सगळं ठीक आहे, तुमच्या घरी सगळे कसे आहेत? समुद्रापलीकडच्या माणसाच्या जिवाला घोर कशाला लावायचा? आम्ही कुणीही हेच केलं असतं. जूनमध्ये निम्मीसुद्धा पोती भरली नाहीत.

काही आठवड्यांनी तो स्वतः आला. ओरडला नाही, हात आपटला नाही. "तुमच्या शब्दावर मी पुढं शब्द दिला होता," तो म्हणाला. "आपला करार इथं संपला." मग सगळ्यांशी हात मिळवला, कोको उत्तम असतो म्हणाला आणि विश्रामगृहावर झोपायला गेला.

"ओरडला असता तर बरं झालं असतं," फुआताई म्हणाली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

तिनं भावाला गाठलं. "दादा, इफोगा करू या, चटईखाली बसून माफी मागू या. तुम्ही प्रमुख आहात, तुम्ही बसा. मी मागं बसते."

"इफोगा रक्ताच्या गुन्ह्यासाठी असते. मी बियांसाठी डोक्यावर चटई घेऊ? त्याला अख्खं डुक्कर खाऊ घातलं मी."

"त्याला डुक्कर नको होतं, दादा. 'नाही' हवं होतं."

पहाटे मी गाडी घेऊन विश्रामगृहावर गेलो. पायऱ्यांसमोर खडीवर ती एकटीच बसली होती. डोक्यावरून आईनं विणलेली बारीक विणीची चटई. लग्नामयताला निघते तीच. आमच्याकडे हे शेंबडं पोरही ओळखतं. अपराधी असा बसतो. ज्याचा अपराध केला तो बाहेर येऊन चटई उचलतो, की संपलं. नाही उचलली, तर बसून राहायचं.

ब्रोकमान बॅग घेऊन बाहेर आला आणि थबकला. त्याला वाटलं, प्रार्थना चाललीय. आम्ही उठताबसता प्रार्थना करतो हे त्याला ठाऊक होतं. तो बिचारा चवड्यांवर, आवाज होऊ नये म्हणून खडी सोडून गवतावरून वळसा घालून आला आणि हळूच गाडीत बसला. मी गाडी काढली.

दुसरं गाव मागं पडल्यावर मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं.

"थांबवा," तो म्हणाला. गाडी थांबली. त्यानं मागच्या रस्त्याकडे वळून पाहिलं. "पण मी रागावलेलो नाही. तिच्यावर तर मुळीच नाही. हा व्यवहार आहे. तिनं आधी एक ओळ लिहिली असती तर मी थांबलो असतो."

"मागं वळवू?"

"मी चटई उचलली तर तिला वाटेल, करार परत मिळाला. ते खोटं होईल." त्यानं डोळे पुसले, हे मी पाहिलं. "तिला सांगा, मी रागावलेलो नाही."

चांगला माणूस होता. तेच तर वाईट.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. बायका लांब झाडाखाली बसल्या होत्या. सालोमेनं तोंडाला पदरासारखं कापड धरलं होतं. मी खडीवर गुडघे टेकले.

"ताई, तो गेला. मुळीच रागावलेला नाही म्हणाला."

चटईखालूनच ती म्हणाली, "रागावलाच नाही, तर माफ कोण करणार रे?"

चटई उचलायचा मला हक्क नव्हता. तुइलोमा रस्त्यापर्यंत येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला. सावली सरकली, ती हलली नाही.

सांजप्रार्थनेचा शंख वाजला तेव्हा फुआताईनं आपल्याच हातानं चटई काढली. आमच्या गावात चटईखालून कुणी आपलं आपण उठल्याचं मी ऐकलेलं नाही. तिनं नीट घडी घातली, काखेत धरली. गुडघे सरळ होईनात. मी हात पुढं केला.

"घरी सोडतो, ताई."

तिनं माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"नाही," ती म्हणाली.