गंज काढणाऱ्या गोळ्या

ऑपरेशननंतर माझं पहिलं माप घेतलं ते माझ्या मोठ्या नणंदेनं. शिळफाट्याला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिनं शटर अर्धं खाली ओढलं, पडदा सरकवला आणि टेप घेऊन समोर उभी राहिली. मला पदर काढवेना. डावीकडे सगळं सपाट, त्यावर टाक्यांची लांब रेघ. घरी मी नवऱ्यासमोरसुद्धा दिवा बंद करून कपडे बदलत होते.

"लाजतेस काय गं? रोज बायकांचीच मापं घेते मी," ती म्हणाली आणि तिनंच माझा पदर बाजूला केला. टेप जखमेला लागू नये म्हणून तिनं मध्ये स्वतःची बोटं धरली. डोळे भरले होते तिचे, पण तोंडानं ती आकडे बोलत राहिली. पुढच्या आठवड्यात तिनं आतून कापसाची गादी बसवलेले ब्लाउज शिवून आणले.

लोधिवलीत, आमच्या गावात, माझं दुखणं कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाई विचारणाऱ्याला सांगायच्या, "पोटात गाठ हुती, काढली. आता काय नाय." मला ते सोयीचंच होतं. आजाराचं नाव मी घेऊ शकायचे, जागेचं नाव घ्यायचं म्हटलं की जीभ अडकायची.

केमो सुरू झाली तेव्हा नवऱ्याच्या रजा संपल्या होत्या. खोपोलीच्या कारखान्यात त्याची पाळी बदलून मिळेना. मग नणंदच दुकान बंद ठेवून माझ्यासोबत पनवेलच्या हॉस्पिटलात यायची. सलाईन संपेपर्यंत स्टुलावर बसून राहायची, उलटी आली की पिशवी धरायची. केस गेले, तोंडाची चव गेली, जिना चढताना धाप लागायला लागली. माझे हाल बघून एक दिवस तिनं पर्समधून बाटली काढली. आत हिरव्या कॅप्सूल होत्या. तिच्या एका गिऱ्हाइकानं दिलेल्या.

"सगळा झाडपाला हाय. हळद, ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया, सगळ्याचा अर्क. अँटिऑक्सिडंट का काय म्हणतात. केमोनं अंगाला आतून गंज चढतो म्हणं. ह्या गोळ्या तो गंज काढतात."

"डॉक्टरीणबाईंना विचारू का?"

"आवळा खाताना विचारतेस का कुणाला?"

मी घ्यायला लागले. मला त्या गोळ्यांवर फार विश्वास होता असं नाही. पण जिनं माझी छाती बघून तोंड फिरवलं नव्हतं, तिला नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

पुढच्या केमोच्या आधी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला.

"आम्ही दिलेल्या औषधांशिवाय आणखी काही घेता? काढा, पावडर, गोळ्या?"

नणंद शेजारीच बसली होती. "नाही," मी म्हटलं. "घरचं जेवण फक्त."

केमो पुढे ढकलली. घरी गेल्यावर मी त्या रात्रीची कॅप्सूलसुद्धा घेतली. घेतली नसती, तर आकडे त्या गोळ्यांनीच वाढलेत हे मी स्वतःशी कबूल केल्यासारखं झालं असतं.

पुढच्या वेळी आकडे आणखी वर. बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी मान हलवून नाहीच म्हटलं. तेवढ्यात नणंदेनं पर्स उघडली आणि बाटली टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी देते तिला हे. तिचा काय दोष नाय."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायका आत बघत होत्या. नणंदेची मान खाली, कान लाल झालेले. तिची अब्रू राखायची म्हणून मी खोटं बोलले होते, आणि चारचौघांत सगळं अंगावर घ्यायची वेळ मी तिच्यावरच आणली होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून त्या म्हणाल्या, "केमोची काही औषधं कॅन्सरच्या पेशींवर ताण आणून त्यांना मारतात. तुम्ही ज्याला गंज म्हणता तोच ताण. हा अर्क तो कमी करत असेल, तर चांगल्या पेशींबरोबर वाईट पेशीही वाचायच्या. तसं होतंच असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण शंका आहे म्हणून उपचार चालू असताना आम्ही नको म्हणतो. शिवाय असे अर्क काहींच्या लिव्हरला झेपत नाहीत."

"मग आवळा, हळदपण बंद?" नणंदेनं अगदी हळू विचारलं.

"जेवणातलं सगळं चालेल हो. आमटीतली हळद वेगळी, आणि असा दाट अर्क वेगळा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मला फक्त खरं कळायला हवं होतं."

मला त्यांच्याकडे बघता येईना. चपलेच्या पट्ट्याकडे बघत मी "हो" म्हटलं.

गोळ्या बंद केल्यावर आकडे हळूहळू उतरले, केमो पुन्हा सुरू झाली. मधला गेलेला वेळ नडेल का, असं मी एकदा विचारलं. "आपण पूर्ण करू," एवढंच बाई म्हणाल्या. उपचार पूर्ण झाले. सध्या तपासणीत काही निघालेलं नाही.

नणंद पुढेही प्रत्येक वेळी आली, पण डॉक्टरांच्या खोलीत तिनं पाऊल टाकलं नाही. "मी हितंच बसते, तू जा," म्हणायची. एकदा मी तिचा हात धरून म्हटलं, "ताई, चला ना. चूक माझी होती, मी सांगते त्यांना."

तिनं हात सोडवून घेतला. "नको गं. मला लाज वाटते."

मी एकटीच आत गेले. काय खाते, काय पिते ते सगळं न विचारता सांगितलं, गोळ्यांबद्दल मीच खोटं बोलले हेही सांगितलं. बाईंनी फक्त मान डोलावली आणि पुढची तारीख दिली. मी बाहेर आले तेव्हा नणंद भिंतीला टेकून उभी होती.

"माझ्याबद्दल काय बोलल्या का?" तिनं विचारलं.