टगबोटीमागचा गणपती

मोठ्या हौशीने मी गणपती देखाव्यातल्या बार्जवर बसवला, पुस्तकात बघत बघत प्राणप्रतिष्ठा केली आणि लेकीला म्हणालो, "चल, लाव मोटर!"

"अहो," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "एकदा प्रतिष्ठापना झाली की उत्तरपूजेपर्यंत देव जागचा हलवतात का?"

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या हॉलमध्ये महिनाभर याच देखाव्याचं काम चाललं होतं, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. शंभरेक वर्षांपूर्वीचा विलायती कालवा. वाफेवरची बुटकी टगबोट, पुलाखालून जाताना मागे पाडायचं बिजागरीचं धुराडं, आणि मागे दोराने बांधलेल्या, स्वतःचं इंजिन नसलेल्या बार्जेस. ऑफिसातून दमून आलो की मला त्या बार्जेसबद्दल फार आपुलकी वाटायची. मोटर, बिजागरी, रंग, सगळं लेकीनं केलं. मी ट्रेमध्ये पाणी भरलं. त्यातलं बरंचसं लादीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पुण्याचं विमान होतं. कॉलेज, हॉस्टेल. विसर्जन संध्याकाळी. निघण्याआधी आपली बोट गणपती ओढताना बघायची, एवढंच तिला हवं होतं.

आरतीला माणसं जमली. "यल्ला, चला, सोडा बोट!" शेजारचे म्हणाले. मी प्रत्येकाला तेच शास्त्र सांगत राहिलो, जणू मला ते आधीपासून माहीत होतं.

"बाबा, इट्स ओके," लेक म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली. ते ओके नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी उत्तरपूजा झाली. आता देव हलवायला हरकत नव्हती. लेक हॉस्टेलमधून व्हिडिओ कॉलवर. मी बटण दाबलं. टगबोट थरथरली, दोर ताणला, गणपती जागच्या जागी. मी हात पुढे केला.

"बाबा, डोंट टच! गिव्ह इट टाइम."

दिला. बार्ज हळूच सुटली आणि डुलत डुलत विसर्जनाच्या बादलीपाशी पोचली. फोनमधून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग तिनं नाक ओढलं.

नंतर मी वाकून लादी पुसत होतो. कंबर बोलत होती. बायको रिकामी बार्ज कोरडी करत म्हणाली, "पुढच्या वर्षी सरळ मखर विकत आणू. पण ही बोट कपाटात वर ठेवा. दिवाळीला ती आली की विचारेल."