सुकती लागली की दोर सोड

पहिलंच सांगतो, भूतबाधा, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, मला सांगता येत नाही. या ग्रुपवर बरेच दिवस तुमचे अनुभव वाचतोय, लिहायची हिंमत आज केली. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुकलो तर सांभाळून घ्या.

मी मूळचा किनवटचा, नांदेड जिल्हा. भिवंडीत आलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागलो. मला काम शिकवलं शौकत उस्तादांनी. ते यूपीचे, वयस्कर, डावखुरे. आमच्याकडे कारखान्यात माणसाला नावापेक्षा गावाने ओळखतात — कुणी आझमगढ, कुणी सोलापूर. उस्ताद मला 'किनवट' म्हणायचे. बाकीच्यांसाठी मी 'नांदेड', किनवट म्हणणारे ते एकटेच. सुरुवातीला मी एकदा अख्ख्या ताग्याचा सत्यानाश केला होता. शेठ हाकलायलाच निघाला. उस्ताद लूम बंद न करताच ओरडले, "जाने दो सेठ, बड़ी दूर से आया है." त्या एका वाक्यावर माझी नोकरी टिकली, असं मी आजही मानतो.

उस्ताद वाया गेलेल्या सुताची रस्सी वळायचे, गठ्ठे बांधायला. दुसऱ्यांनी पळवू नये म्हणून त्यात एक हिरवी तार, म्हणजे हिरवा धागा, घालायचे. ती रस्सी कुठेही दिसली की सगळे समजायचे, शौकतची आहे.

ते वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. छातीचा आजार होता. भिवंडीच्याच कबरस्तानात त्यांना दफन केलं, मी खांदा दिला. माझं लग्न त्यानंतरचं. म्हणजे माझ्या बायकोने, सुनीताने, त्यांना कधी पाहिलंच नाही. त्यांचा फोटोही माझ्याकडे नाही.

आता मूळ गोष्ट.

आम्ही भिवंडीजवळ अंजूरला भाड्याने राहतो. घरमालक हिराजी काका. त्यांच्या वडिलांची रेती वाहायची शिडाची होडी होती. काकांनी जमीन गोदामाला दिली, पण होडी ठेवली. इंजिन बसवलं तरी शीड काढलं नाही. दरवर्षी दिवाळीनंतर ते खाडीने वसईच्या पुढे बहिणीकडे जातात. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं कुठे गेलोच नव्हतो. काका म्हणाले, "काय रं, बायकोला गोदामंच दाखवनार हायस का? चल माझ्यासंगं. हनिमून फुकट!"

मला पाण्याची भीती वाटते. किनवटला पैनगंगा आहे, पण मी काठावरचा माणूस. सुनीता मात्र ऐकेना. "अहो, काका एवढ्या मायेनं म्हणतात. नाही कसं म्हणायचं?"

निघालो. पुलांखालून जाताना काका डोलकाठी आडवी करायचे, इंजिनावर न्यायचे. पूल संपल्यावर शीड चढवलं. खरं सांगतो, इंजिन बंद करून होडी नुसत्या वाऱ्यावर चालली तेव्हा एवढी शांतता झाली की माझे कानच दुखले. लूमच्या आवाजाची सवय. सुनीता पुढे बसून हसत होती. मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो.

समुद्राला लागल्यावर हवा फिरली. काकांना फोन आला, बंदरावर वादळाचा बावटा चढवलाय, पुढे जाऊ नका. काकांनी होडी जवळच्या एका लहान बंदरात घातली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला फार सांभाळलं, त्यांना उगाच त्रास नको.

सकाळी भरतीच्या वेळी जेटीला लागलो. होडी जवळजवळ जेटीच्या बरोबरीने उभी होती, पायरी उतरावी तसं उतरता येत होतं. तेवढ्यात कळलं की काकांच्या बहिणीची तब्येत बरी नाही. काका रिक्षाने तिकडे निघाले. सुनीताला उलट्या झाल्या होत्या, गोळी घेऊन ती ताडपत्रीखाली झोपली होती. काका जाता जाता मला म्हणाले, "मी सांजच्याला येतू. सुकती लागली का दोर सोड. इसरू नको."

मी म्हटलं, हो.

आता माझी अक्कल बघा. सुकती म्हणजे मला वाटलं, पाऊस थांबून सुकायला लागेल तेव्हा. म्हणजे हवा उघडली की दोर सोडून निघायची तयारी कर. ओहोटीला इकडे सुकती म्हणतात, आणि दोर सोड म्हणजे पाणी उतरेल तसा ढिला सोड, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अंजूरला खाडी आहे, पण मी ड्युटीवर जाताना खाडी कुठे बघतो? आणि मी दोर बांधलेही कसे — ताणून, पुढचा आणि मागचा दोन्ही. लूमवर ढिला धागा म्हणजे खराब कापड. हाताला तीच सवय.

दुपारी सुनीताला विचारलं, चहा आणू का. ती झोपेतच हं म्हणाली. मी थर्मास घेऊन गावात गेलो. चहा भरून घेतला आणि पाऊस असा कोसळला की समोरचं दिसेना. मी मासळीच्या शेडखाली थांबलो. तिथे दोन-तीन मावश्या बसल्या होत्या. एकीने विचारलं, "कुठशी आयलास रं?"

"भिवंडीवरून. जेटीला होडी आहे आमची. सुकती लागली की दोर सोडायचे आहेत."

"अरं, सुकती कवाच लागली!"

मी हसलो. "मावशी, एवढा पाऊस पडतोय, सुकती कुठून?"

त्या सगळ्या खो खो हसल्या. "पावसाची न्हाय रं बाबा, पान्याची! पानी उतरलं ना! होरी बांधलीस कशी?"

"घट्ट," मी म्हणालो.

त्यांचं हसू एकदम थांबलं. "होरीत कुनी हाय काय?"

थर्मास तिथेच टाकून पळालो. पळताना एकच डोक्यात — दोर आखूड, पाणी खाली, होडी दोरांना लटकून कलंडणार. आणि सुनीता झोपलेली, तिला पोहता येत नाही. मलाही येत नाही.

जेटीवर पोचलो. पाणी माझ्या उंचीपेक्षा जास्त खाली गेलं होतं. काठाच्या कड्यांना मी मारलेल्या गाठी जशाच्या तशा, भिजून करकचलेल्या. आणि खाली, पाण्यावर, होडी सरळ तरंगत होती. सुनीता ताडपत्रीतून तोंड बाहेर काढून वर बघत होती.

"ओरडताय कशाला?" ती म्हणाली.

मी ओरडत होतो हे मला माहीतच नव्हतं.

लोखंडी शिडीने उतरलो. दोन्ही दोर होडीच्या बाजूने सोडून त्यांना दुसरी रस्सी जोडून लांबवलं होतं. जोड होता आमच्या लूमच्या गाठीचा, तुटलेली तार जोडतात तसा. आता तुम्ही म्हणाल, दर्यावर्दी लोकही अशीच गाठ मारतात. बरोबर आहे, काकांनीही मला नंतर तेच सांगितलं. पण गाठ उलट्या, डाव्या हाताची होती. आणि रस्सी नायलॉनची नव्हती, सुताची होती. पांढरी. मध्ये एक हिरवी तार.

मी खाली बसलो.

सुनीता म्हणाली, "तो म्हातारा वर भेटला का? मघाशी होडी वाकडी झाली होती, पाण्याची बाटली घरंगळली म्हणून जाग आली. मग कुणीतरी उतरलं. मला वाटलं काकांचा माणूस. चौकड्याची लुंगी, पाठच दिसली. खोकत होता. दोर सोडवत होता."

"भिजला होता?"

"अहो, तेच ना. केसांवर कापूस चिकटलेला होता, तुम्ही कामावरून येता तेव्हा असतो तसा. एवढ्या पावसात तो भिजला कसा नाही?"

संध्याकाळी हिराजी काका आले. आधी मला खूप शिव्या घातल्या, मग रस्सी हातात घेऊन पाहिली. मी विचारलं, "काका, ही होडीतलीच का?"

"सुताची रस्सी होरीत कोन ठेवल? खाऱ्या पान्यानं कुजल ना ती." त्यांनी जेटीवर चौकशी केली. त्या पावसात तिकडे कुणीच फिरकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बावटा उतरला. परत येताना शीड भरलं होतं, आणि या वेळी मी फळी धरली नव्हती. सुनीता अचानक हसली.

"तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या म्हाताऱ्याने वळून न बघताच मला विचारलं, किनवट किधर है? मला वाटलं, गाव विचारतोय. मी म्हटलं, किनवट तो बहुत दूर है चाचा, उधर नांदेड की तरफ."

कारखान्यातलं ते नाव मी तिला कधी सांगितलं नव्हतं. घरचे सगळेच किनवटचे, त्यात काय सांगायचं?

"मग काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. गाठ ओढून बघितली. म्हणाला, हाँ... बड़ी दूर से आया है. आणि शिडीने वर गेला."

ती रस्सी घरी आहे. सुनीता तिच्यावर कपडे वाळत घालू देत नाही. मी कबरस्तानात जाऊन आलो, फुलं ठेवली, आभार मानले. त्यापुढे काय करायचं ते मला कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला हे उलगडलं तर जरूर लिहा. मला अजून नाही उलगडलेलं.