ओंजळ हुंगणारा माणूस

मेहकरजवळच्या एका लहानशा बिअर कारखान्यात टाक्या धुणारा हा माणूस आमच्याच गल्लीत राहतो. दारूला तो तोंड लावत नाही. पण नळाखाली ओंजळ धरून नुसती हुंगतो आणि टाकीतल्या बिअरची तब्येत सांगतो. बोलण्याआधी जरा थांबतो, परवानगी मागितल्यासारखा.

रविवारी आम्हा दहा पाहुण्यांना कारखाना दाखवून झाल्यावर मालकाने चवीसाठी ग्लास भरले. तेवढ्यात हा पुढे आला.

“साहेब, तीन नंबरची टाकी बिघडली. पाहुण्याइले देऊ नका.”

“तुले काय समजते बे? तू तं पेत बी नाही.” मग मालक आमच्याकडे वळला. “सफाईवाला आहे आमचा. ही बिअर मुद्दाम आंबट ठेवली आहे.”

पाहुणे हसले आणि तो आंबूस घोट गिळून ‘वेगळीच चव’ म्हणाले. ज्याच्या नाकावर कारखाना चालतो त्याला अडाणी ठरवायचं आणि नासलेला माल कौतुकाने पाजायचा! मी ग्लास खाली ठेवला, पण बोललो नाही, याची लाज अजून आहे.

त्याने वाकून तीन नंबरच्या टाकीचा तळाचा नळ पूर्ण सोडला.

“काय करून राह्यला बे? उद्यापासून येऊ नको.”

“नाही येत,” तो म्हणाला, आणि टाकी रिकामी होईपर्यंत नळापुढून हलला नाही.