जड स्टेअरिंग

मोखाड्याच्या रस्त्यावरचा तो मेकॅनिक दर वेळी माझी जुनी जीप जॅकवर चढवतो, स्टेअरिंगची दांडी चाकापासून सोडवतो आणि डोळे मिटून पुढचं चाक हाताने वळवतो. "स्टेअरिंग हलकं हाय सर. चाकच जड वळतंय." मग चाक ज्यावर वळतं त्या बेरिंगला ग्रीस भरतो. थोडे दिवस बरे जातात, मग माझे दंड पुन्हा भरून येतात.

दिवाळीनंतर पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर मजुरी करून जगायला जातात. गॅरेजसमोर कोणी थांबत नाही. तो मात्र येणाऱ्यासाठी चहाचा दुसरा कप विसळून ठेवतो.

यंदा जव्हारच्या गॅरेजात कळलं, बेरिंग कधीच गेलंय, ग्रीसने काय होणार! मी तावातावाने मोखाड्याला आलो आणि त्याला जाब विचारला. त्याने फळीवरून धूळ बसलेलं खोकं काढलं. आत नवं बेरिंग होतं.

"आणून ठेवलंय कधीचं. बसवलं असतं तर तुम्ही कशाला आला असता?"

त्याने ते बसवलं. स्टेअरिंग एका बोटाने फिरू लागलं. मी निघालो, तर तो दुसरा कप फळीवर उपडा घालत होता.

"ब्रेकही जरा जड लागतो," मी म्हणालो.

ब्रेककडे न बघताच त्याने स्टोव्ह पेटवला.