परिचय मेळाव्यातली अपेक्षा

दुर्मीळ आजारांतही आवडते-नावडते असतात, हे मला नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. काहींवर नव्या औषधांच्या ट्रायल एकामागून एक चालू, कंपन्या मागे लागलेल्या. माझ्या लेकीच्या स्नायूंच्या आजारावर एकही नाही. कारण काय, तर रुग्णच पुढे येत नाहीत. आधी हा आजार कसा वाढतो याचा अभ्यास हवा, आणि त्यालाही माणसं लागतात. मी चिडलो. म्हटलं, आमच्या भागात तिच्यासारखे टाच न टेकता चालणारे आणखी आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, मग घेऊन या.

आणायचं कसं? घरात असं कुणी आहे हे कळलं की बाकीच्या मुलींची सोयरीक अडते. लोक गप्प बसतात.

लेकीने भलतंच डोकं लढवलं. चंद्रपूरला आमच्या बौद्ध समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. आसपासच्या जिल्ह्यांतली लग्नाची मुलं-मुली आणि त्यांचे आईबाप एका मांडवात. तिने नाव नोंदवलं. भद्रावतीहून निघाल्यापासून मी एसटीत धुसफुसत होतो, की चारचौघांत हसू होईल. तिने खिडकीबाहेर पाहणं पसंत केलं.

तिचा नंबर आला. काठी टेकत, कुणाचा हात न घेता ती स्टेजवर चढली. शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली. निवेदकाने रिवाजाप्रमाणे विचारलं, जोडीदाराबद्दल अपेक्षा काय?

"मले नवरा नाई पायजे," ती म्हणाली. "माह्यासारखे चालणारे लोक पायजेत. आपण दिसलोच नाई तर आपल्यासाठी औषध कोण शोधन?"

मला घाम फुटला होता, पण छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटतील असं वाटलं. तिने आजार समजावून सांगितला, अभ्यासात फक्त तपासणी असते हेही सांगितलं, आणि खाली उतरली. कुणीही जवळ आलं नाही. नावं पुकारली जात राहिली.

थोड्या वेळाने मूल गावच्या एका राइस मिल कामगाराच्या मुलीचं नाव आलं. तिच्यामागोमाग बापही चढला आणि त्याने माइक मागून घेतला.

"मले दोन पोरी आहेत," तो म्हणाला. "मोठी भी अशीच चालते. तिले घरी ठेवून आलो."

पुढे नागपूरला अभ्यास उभा राहिला, तो इथून. औषध अजून लांब आहे, माझ्या लेकीच्या वाट्याला येईलच असंही नाही, आणि ते तिला ठाऊक आहे. तरी त्या दिवसाइतका अभिमान मला कशाचाच वाटलेला नाही.

त्या दिवशी स्टेजवर त्या कामगाराच्या धाकटीने बापाकडून माइक घेतला. आधी मोठ्या बहिणीचं नाव सांगितलं, मग स्वतःचं.