दगड होता ती जागा

दुबईजवळच्या रास अल खैमातल्या कोर्टाच्या आवारात शहीद सैनिकांचं स्मारक होतं, काळ्या दगडावर अरबीत कोरलेली नावं. कंपनीच्या कागदांसाठी मी दर आठवड्याला तिथे जायचो. हिरव्या गणवेशातला एक सफाईवाला बूट काढून ती नावं पुसताना दिसायचा. बोटाला फडकं गुंडाळून, एकेक अक्षर. तापलेल्या फरशीवरचे त्याचे अनवाणी पाय बघून मलाच चटका बसायचा.

पुढे स्मारक एका नव्या बागेत हलवलं आणि त्या जागी पार्किंग झालं. मला बरंच झालं. पहिल्याच दिवशी तिथे गाडी लावून बायकोशी फोनवर बोलत उतरलो, तर तो झाडू घेऊन समोर उभा. बूट बाजूला काढलेले.

"मराठी का साहेब? मी साताऱ्याकडचा," तो म्हणाला.

मी विचारलं, "तुम्हाला अरबी वाचता येतं?"

"नाही. आमच्या गावातल्या असल्याच दगडावर माझ्या भावाचं नाव आहे. मला सुट्टी दोन वर्षांनी मिळते. तिथलं कोण पुसतं माहीत नाही, म्हणून इथलं पुसायचो."

"मग आता त्या बागेत जाता?"

"तिथं दुसऱ्या कंपनीची माणसं लावलीत."

मी परत गाडीत बसलो आणि ती त्या जागेवरून बाहेर काढली. आरशात तो दिसत होता. रिकाम्या जागेत येऊन त्यानं झाडू टेकवला, तेवढ्यात मागून दुसरी गाडी आत शिरली. तो बाजूला झाला आणि बूट शोधू लागला.